सोलापुरात कॅब चालवायला घेतलीय? या चुका टाळा

नवी पोरं हप्त्यावर गाडी उचलतात, दुसऱ्या दिवशी ॲप चालू करतात आणि महिन्याभरात रडगाणं सुरू होतं: रेटिंग पडलं, भाडी येत नाहीत, सोलापूरचं गिऱ्हाईकच तसलं. गिऱ्हाईकाला नावं ठेवू नका. स्टेशनबाहेर रोज त्याच चुका बघतोय, म्हणून लिहितोय.

पत्ता अर्धवट ऐकून गाडी हाणणं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. सोलापुरात 'विडी घरकुल', म्हणजे विडी कामगारांची वसाहत, म्हटलं की दोन जागा होतात. जुनं घरकुल हैदराबाद रोडला, आणि गोदुताई परुळेकर घरकुल अक्कलकोट रोडला, कुंभारीत. त्यात २०२४ पासून कुंभारीतच रे नगरची वस्ती आली. तिन्हीकडची माणसं बोलताना नुसतं 'घरकुल' म्हणतात.

आमच्या ओळखीच्या एका पोरानं वंदे भारतची सवारी घेतली. ही गाडी मुंबईहून रात्री पावणेअकराच्या सुमारास येते. म्हातारी आजी आणि तिची लहान नात. बुकिंग मुंबईतल्या मुलानं केलेलं, ॲपनं दाखवलेलं पहिलं नाव त्यानं दाबलेलं. आजी म्हणाली, "घरकुल." हा म्हणाला, "माहितीये, बसा." नेऊन उतरवलं हैदराबाद रोडला. आजी तेलुगूत सारखी "इक्कड कादु, इक्कड कादु" म्हणतेय, म्हणजे इथं नाही. आणि याला वाटलं भाड्यावरून घासाघीस चाललीय. यानं बॅगा काढून रस्त्यावर ठेवल्या. नात रडायला लागली तेव्हा कुठं त्यानं मला फोन लावला. आजीशी बोललो तर जायचं होतं कुंभारीला. मी त्याला सांगितलं, दोघींना परत बसव, दारापर्यंत सोड, एक रुपया जास्त घेऊ नको. तर हा मला विचारतो, "मग गॅसचे पैसे कुणी द्यायचे?" नेलं त्यानं, पण वाटभर कुरकुर करत. दुसऱ्या दिवशी मुलाची तक्रार गेली आणि त्याचा आयडी बंद पडला. मला त्याच्या आयडीचं वाईट वाटलं नाही. अनोळखी रस्त्यावर अपरात्री उभ्या राहिलेल्या त्या दोघींचं वाटलं.

माझी सवय सांगतो. ओटीपी टाकण्याआधी मी मागं वळून विचारतो: रोड कुठला, जवळची खूण काय? मग तेच मोठ्यानं परत म्हणून दाखवतो. मॅप त्यानंतर. पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी सवारी असेल तर "एक्कडिकी अम्मा?", कन्नड बोलणारी असेल तर "यल्लिगे?" एवढं तरी यायलाच हवं. आपल्या गावात तीन भाषा बोलतात, आणि दोन शब्द शिकायचा ज्याला कंटाळा येतो त्यानं या धंद्यात पडू नये.

"ड्रॉप कुठं? कॅश का ऑनलाइन?" विचारून कॅन्सल करणं. ही चूक नाही, ही खोड आहे, आणि जुन्यांनीच नव्यांना लावलीय. त्याहून वाईट म्हणजे स्वतः कॅन्सल न करता जागेवर थांबून राहायचं, म्हणजे वैतागून सवारीच कॅन्सल करते. पलीकडच्या माणसाला सकाळची साडेसहाची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस गाठायची असते. कुणाचं डायलिसिस असतं, कुणाचा पेपर. भाडं नको असेल तर घेऊच नका. घेतलं तर जुळे सोलापूर असो की एमआयडीसी, जायचं म्हणजे जायचं. मी फोनवर एकच वाक्य बोलतो: "निघालोय, पाच मिनिटांत येतो, गाडी पांढरी आहे." लोक एवढ्यानंच निवांत होतात.

एसीचा चेंगटपणा. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीच्या वर असतो. सवारी बसायच्या आधी एसी लावा. बसल्यावर "एसीचे वेगळे" म्हणणारा ड्रायव्हर मला गाडीत बसवून घ्यायलाही नको वाटतो.

"काय बे". हे दोस्ताला म्हणायचं, गिऱ्हाईकाला नाही, मग ते कॉलेजातलं पोर का असेना. काका, मावशी, अण्णा, अक्का, इतके शब्द आहेत आपल्याकडे.

बाहेरगावचं भाडं तोंडी ठरवणं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर: दर्शनाची रांग किती वेळ घेईल हे कुणालाच सांगता येत नाही. वेटिंग, टोल, पार्किंग कुणाकडं, हे निघण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्यांचं 'ओके' येऊ द्या. गाणगापूर कर्नाटकात आहे; तुमच्याकडं ऑल इंडिया परमिट नसेल तर तिकडचा टॅक्स लागतो, तोही आधीच सांगा. देवदर्शन करून आलेल्या माणसाशी परतताना पैशावरून वाद घालणं शोभत नाही.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नेहमीचा रस्ता धरणं. जानेवारीत नंदीध्वजांची मिरवणूक असते तेव्हा मार्ग बंद असतात. मॅपवर विसंबू नका. आधी फोन करून सवारीला कुठल्या चौकापर्यंत चालत यावं लागेल ते सांगा. म्हातारं माणूस असेल तर गाडी कडेला लावून स्वतः आणायला जा.

आणि तक्रार आलीच, तर उत्तर ॲपवरच द्या. सवारीचा नंबर हाताशी असला तरी भांडायला फोन करायचा नाही. बाईमाणूस असेल तर काहीही झालं तरी नाही.