रॅक डोलत होता, पण बोल्ट कमजोर नव्हते

व्यायामासाठी घरी बनवलेल्या रॅकवर वजनांचा बार ठेवला की खांब किंचित डोलायचे. पहिला संशय बोल्टवर, म्हणून आधी हिशेब मांडला. बोल्ट एम १२ चे, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचे, डोक्यावर ८.८ उठवलेले. त्यातला पहिला ८ म्हणजे ताणशक्ती (ओढून तुटेपर्यंतची ताकद) ८०० मेगापास्कल, दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन; .८ म्हणजे तिच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, पोलाद कायमचं ताणलं जाऊ लागतं. आट्यांपाशी क्षेत्रफळ सुमारे ८४ चौरस मिलिमीटर. कातरबळासाठी (बोल्ट आडवा कापू पाहणाऱ्या बळासाठी) ताणशक्तीच्या ६० टक्के धरले तरी एक बोल्ट तुटायला जवळपास ४० किलोन्यूटन, म्हणजे चार टन लागतात. दोनशे किलोचा बार जरा आदळून ठेवला तरी भरपूर राखीव उरते. (डोक्यावर आकडाच नसलेला बोल्ट मात्र मी रॅकला लावणार नाही. आणि स्टेनलेस चकचकीत दिसतं, पण त्याच्या नेहमीच्या ए२-७० प्रतीची ताणशक्ती ७०० च असते.)

दोष होता पोकळ चौकोनी नळीत. नट आवळला की नळीच्या भिंती आत दबायच्या, त्यामुळे सांधा घट्ट बसायचाच नाही. नळीच्या उघड्या तोंडातून आतल्या रुंदीएवढ्या लांबीचा, जाड भिंतीच्या पाइपचा तुकडा आडवा सरकवला आणि बोल्ट त्यातून पार केला. पूर्ण आट्यांचे बोल्ट काढून अर्ध्या आट्यांचे घेतले, म्हणजे सांध्याच्या रेषेवर गुळगुळीत दांडा येतो. जाड वॉशर, आत नायलॉनची कडी असलेले नट, टॉर्क पान्याने ८० न्यूटन-मीटर. डोलणं थांबलं.

बार पेलणाऱ्या पिनांचा हिशेब वेगळा. तिथे वाक येतो, म्हणून त्या एम १६ च्या जाडीच्या केल्या.