शांतता आणि संघर्षावरचा निबंध: या चुका टाळा

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत परीक्षा जवळ आली की राज्यशास्त्राच्या नोट्सच्या झेरॉक्स हातोहात फिरतात. मुले मेहनत घेतात, सनावळ्या पाठ करतात, आणि तरी 'शांतता आणि संघर्ष' या घटकावरच्या निबंधाला अर्धेच गुण पडतात. माहिती बहुतेक वेळा बरोबरच असते, पण संकल्पना एका पानावर आणि उदाहरण दुसऱ्या पानावर राहते.

व्याख्या लिहिली आणि सोडून दिली

सर्वांत जास्त गुण इथे जातात. शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांची नकारात्मक शांतता (थेट हिंसा थांबणे) आणि सकारात्मक शांतता (अन्यायाची रचनाही बदलणे) पहिल्या परिच्छेदात येते आणि पुढे तिचे नावही निघत नाही.

श्रीलंकेत सरकार आणि स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणारी एलटीटीई ही संघटना यांच्यातल्या युद्धाचे उदाहरण घ्या. 'मे २००९ मध्ये युद्ध संपून शांतता आली' ही झाली बातमी. निबंधात असे लिहा: 'मे २००९ मध्ये एलटीटीईच्या पराभवाने थेट हिंसा थांबली, म्हणजे नकारात्मक शांतता आली, पण लष्कराच्या ताब्यातल्या जमिनी, बेपत्ता माणसांचा शोध आणि प्रांतांना द्यायचे अधिकार हे प्रश्न उरले, म्हणून सकारात्मक शांतता अपुरी राहिली.' वाक्य एकच, पण त्यात संकल्पनेने काम केले. प्रत्येक परिच्छेदात असे किमान एक वाक्य हवेच.

गाल्टुंग यांनी संरचनात्मक हिंसेची (समाजरचनेतूनच होणारा अन्याय) मांडणी १९६९ मध्ये केली, सांस्कृतिक हिंसेची (त्या अन्यायाला योग्य ठरवणाऱ्या कल्पना) १९९० मध्ये. दोन्ही एकाच लेखातल्या असल्यासारखे लिहू नका.

कारणांची यादी

'वांशिक, आर्थिक, राजकीय, ऐतिहासिक कारणे' असे चार मथळे टाकले की उत्तर कुठल्याही देशाला लागू पडते, आणि म्हणूनच ते कमकुवत ठरते. कारणांचे तीन थर करा: मूळ कारण, ठिणगी, आणि संघर्ष पेटता ठेवणाऱ्या गोष्टी.

रवांडात ६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले, ती ठिणगी. तिलाच नरसंहाराचे कारण म्हणणे ही हमखास दिसणारी चूक. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू किंवा तुत्सी (तिथले दोन मुख्य समाज) अशी नोंद सुरू करून भेद पक्का केला. ते मूळ कारणांपैकी एक. रेडिओवरून होणारा विखारी प्रचार हिंसेला खतपाणी घालत राहिला. हे थर वेगळे केले की 'हा संघर्ष टाळता आला असता का?' या प्रश्नाचे उत्तरही हाताशी येते.

शांतिसेना म्हणजेच शांतता

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. दोन्ही बाजूंना एकमेकांपासून दूर ठेवणे हे शांतिरक्षण. त्यांना वाटाघाटीला बसवून करार घडवणे ही शांतता-निर्मिती. न्यायालये, शाळा, रोजगार, परस्परविश्वास पुन्हा उभा करणे ही शांतता-उभारणी. फरक दाखवायला सायप्रस उत्तम: संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे १९६४ पासून आहे आणि बेट आजही विभागलेले आहे. रक्षण झाले, तडजोड झाली नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे संदर्भही तपासून लिहा. सहावे प्रकरण वाद शांततेने सोडवण्याचे, सातवे सक्तीच्या उपायांचे. शांतिरक्षणाचा सनदेत स्पष्ट उल्लेखच नाही.

घरचे उदाहरण: एक तर टाळतात, नाही तर घोषणा लिहितात

जागतिक राजकारणाच्या उत्तरात कोकण कशाला, असे अनेकांना वाटते. उलट, नीट वापरले तर हे उदाहरण परीक्षकाला ताजे वाटते, आणि इथल्या मुलांइतके ते कोणाला ठाऊक नसते. किनाऱ्यावरचा पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक (माशांचा थवाच घेरणारे मोठे जाळे वापरणारे) यांचा वाद गाल्टुंग यांच्या विसंगती, वृत्ती आणि वर्तन या त्रिकोणात घालून पाहा.

विसंगती: मासा तोच, पण रापणवाल्याची (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्याची) आणि यांत्रिक नौकेची ताकद विषम. वृत्ती: 'आमचा समुद्र लुटला' आणि 'आम्हीही कर्ज काढून बोट घेतली' या दोन्ही बाजूंच्या भावना. वर्तन: आंदोलने, समुद्रात बोटी अडवणे, प्रसंगी हाणामारी. मग राज्याची भूमिका: १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, फेब्रुवारी २०१६ मधले पर्ससीनवरचे निर्बंध, २०२१ च्या दुरुस्तीने वाढलेला दंड. शेवटी एक वाक्य मूल्यमापनाचे: नियम झाले, पण अंमलबजावणी तोकडी पडली तर संरचना बदलते का?

जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प किंवा बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प यांवर लिहितानाही हीच शिस्त. प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले मुद्दे दोन्ही मांडा. त्याला युद्ध म्हणू नका. गावात ऐकलेली अफवा पुरावा म्हणून देऊ नका. पाच-सहा ओळी पुरतात, आणि जोडीला दुसऱ्या खंडातले एक उदाहरण हवेच. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावरची कात्रणे तारखेसह वहीत चिकटवून ठेवा.

'कितपत' हा शब्द न वाचणे

'शांतता करारामुळे शांतता येते, या मताशी कितपत सहमत आहात?' असे विचारले असताना फक्त करारांचे वर्णन केले, तर प्रश्न तसाच राहतो. इथे कोलंबिया उपयोगी पडते. २ ऑक्टोबर २०१६ च्या सार्वमतात फार्क या बंडखोर संघटनेसोबतचा करार ५०.२ विरुद्ध ४९.८ टक्क्यांनी फेटाळला गेला, आणि सुधारित करार नोव्हेंबरमध्ये संसदेने मंजूर केला. युद्धाची झळ सोसलेल्या अनेक ग्रामीण भागांनी मात्र होकार दिला होता. म्हणजे करार कोणाला हवा, शिक्षा किती सौम्य चालेल, यावर समाजच दुभंगलेला असू शकतो. हा प्रतिवाद 'तथापि' म्हणून एका ओळीत उरकू नका. त्याला पूर्ण परिच्छेद द्या आणि तो कुठे कमी पडतो तेही सांगा.

चालू युद्धांबाबत थोडी सावधगिरी: युक्रेन किंवा गाझातील मृतांचे आकडे रोज बदलतात. तारीख आणि आकडा देणाऱ्याचे नाव नसेल तर आकडा गाळा.

वेळ पुरत नाही तेव्हा

बहुतेकदा प्रस्तावनाच दीड पान झालेली असते. निबंधाला ४५ मिनिटे धरली तर ७ मिनिटे आराखडा, ३३ मिनिटे लेखन, ५ मिनिटे वाचन. प्रस्तावना पाच-सहा ओळींची: प्रश्नातल्या शब्दांचा अर्थ आणि तुमची भूमिका. मधे तीन किंवा चार परिच्छेद.

सराव हातानेच करा, घड्याळ लावून. मग फक्त प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य ओळीने वाचा; युक्तिवाद समजला नाही तर क्रम चुकलाय. दुसरी चाचणी: परिच्छेदातल्या देशाच्या नावावर बोट ठेवा. तिथे दुसरा कोणताही देश खपत असेल, तर त्या परिच्छेदात तारीख, करार किंवा संस्था यांपैकी एक तरी नेमकी गोष्ट घालायची राहिली आहे.