सहावी ते आठवीची लेकरं शाळेनं कशी सांभाळायची
या वयात लेकरं घरी काही सांगत नाहीत, म्हणून शाळेत एक तरी सर नाहीतर मॅडम अशा पाहिजेत की ज्यांच्याजवळ लेकरू बिनधास्त बोलेल. तक्रारपेटी ऑफिससमोर लावू नका, तिथं सगळ्यांदेखत चिठ्ठी टाकायला कोण धजावणार, पाण्याच्या टाकीकडं जाता-येता हात पोचेल अशी लावा आणि दर आठवड्याला नक्की उघडा. १०९८ हा लेकरांच्या मदतीचा, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर वर्गात मोठ्या अक्षरात लिहा. लैंगिक त्रासाचं काही कळलं तर गावात मिटवायचं नाही, पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं.

आपल्या बीडकडं खरी अडचण दिवाळीनंतरची, आईबाप ऊसतोडीला निघाले की लेकरंही कोयत्यामागं जातात अन् सातवीतल्या पोरीच्या लग्नाचं बोलणं तिथंच सुरू होतं, म्हणून टोळी निघायच्या आधीच घरी जाऊन बोला, हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ ठेवायला लावा. परत आलेल्या लेकराला मागच्या बाकावर बसवू नका, आधी वाचन अन् भागाकार बघा, तिथून शिकवा. आणि मुलींच्या संडासाला आतून कडी अन् पाणी आहे का ते आजच बघा, पोरी त्यापायीच घरी बसतात.