करंट सेन्सर चुकीचं रीडिंग देतोय? आधी या चुका टाळा

घरातल्या उपकरणाचा करंट मोजायला करंटचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारी नखाएवढी हॉल इफेक्ट चिप किंवा वायरभोवती मिटणारा छोटा क्लॅम्प, म्हणजे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर), पुरतो. रीडिंग विचित्र आलं की पहिला संशय सेन्सरवर जातो. पण बऱ्याचदा सेन्सर धड असतो. चुकलेली असते ती जोडणी किंवा निवड.

नेहमीची तक्रार अशी: हीटर चालू आहे आणि सीटी शून्य दाखवतोय. क्लॅम्प अख्ख्या केबलवर लावला की असंच होणार. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून उलटा परततो, दोन्ही वायरींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात आणि मोजायला काही उरतच नाही. क्लॅम्पमधून एकच वायर जायला हवी. त्यासाठी उपकरणाची केबल मात्र सोलू नका. दोन वायरी वेगळ्या काढलेला तयार अडॅप्टर मिळतो, तो वापरा. रीडिंग शून्य नाही, पण कमी येत असेल, तर क्लॅम्पचे दोन्ही अर्धे भाग घट्ट मिटलेत का ते बघा. मध्ये धूळ अडकली तरी फरक पडतो.

दुसरी चूक रेंजची. ‘मोठा घेतलेला बरा’ हा विचार इथे अंगाशी येतो. एसीएस७१२ या हॉल चिपचा ३० अँपिअरचा प्रकार दर अँपिअरला फक्त ६६ मिलिव्होल्ट देतो. ५ व्होल्टवरच्या १० बिटच्या एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे ०.०७ अँपिअरची. २३० व्होल्टला हे झाले जवळपास १७ वॅट! त्यात एलईडी दिवा दिसणार कसा? ५ अँपिअरचा प्रकार दर अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देतो, तो अशा कामाला चांगला; पण २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, त्याला हा चालणार नाही. सीटी असेल तर एक सोपी युक्ती आहे: तीच वायर गाभ्यातून पाच वेळा ओवा आणि रीडिंगला पाचने भागा.

उपकरण बंद असतानाही थोडा करंट दिसतो, तो नॉइज. तो सरळ वजा करू नका. आरएमएस (एसीच्या परिणामी) किमतींचे वर्ग घ्या, वजाबाकी करा, मग वर्गमूळ काढा. नमुने घेतानाही पूर्ण आवर्तनं मोजा. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. मध्येच तोडलंत तर आकडा नाचत राहतो.

करंटला व्होल्टेजने गुणून आलेल्या आकड्याला वॅट समजू नका. मोटर असलेल्या उपकरणात पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट आणि या गुणाकाराचं गुणोत्तर, १ पेक्षा कमी असतो, त्यामुळे तो आकडा खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतो. खरे वॅट हवे असतील तर व्होल्टेजही त्याच क्षणी मोजावं लागतं.

हॉल चिप स्पीकर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जवळ ठेवू नका. ५ व्होल्टच्या सेन्सरचं आउटपुट मायक्रोकंट्रोलरच्या ३.३ व्होल्टच्या पिनला थेट देऊ नका.

आता जिवाशी खेळ असलेल्या चुका. करंट-आउटपुट सीटीला बर्डन रेझिस्टर, म्हणजे त्याच्या आउटपुटच्या दोन टोकांमध्ये जोडायचा रेझिस्टर, हवाच. वायरमध्ये करंट चालू असताना सीटीची दुय्यम (आउटपुटची) बाजू उघडी राहिली तर तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकतं. एसीएस७१२ च्या मॉड्यूलमधून तर मेन्सचा करंट थेट जातो. सिग्नलची बाजू विलग असली तरी टर्मिनलचे स्क्रू आणि मागचे सोल्डरिंगचे सांधे जिवंत असतात. मॉड्यूल प्लास्टिकच्या बंद डबीत बसवा आणि पुरवठा तोडल्याशिवाय ती उघडू नका. हीटरसारख्या बराच वेळ मोठा करंट घेणाऱ्या उपकरणाला माझ्या मते सीटीच लावावा, कारण त्यात मेन्सची वायर कुठे तोडावीच लागत नाही.