एकचा ठोका आणि शेवटचे २४ गुण : दहावीच्या मराठी लेखनाचा वेळ लावून सराव

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या, म्हणजे प्रथम भाषा मराठीच्या, कृतिपत्रिकेतील (प्रश्नपत्रिकेतील; तिच्यातील प्रश्नांना 'कृती' म्हणतात) पाचवा, म्हणजे शेवटचा विभाग उपयोजित लेखनाचा असतो आणि ८० पैकी २४ गुण त्या एकट्या विभागाला असतात. सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना सर्वांत अधिक हळहळ वाटते ती याच पानांपाशी. एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका मला अजून आठवते. स्थूलवाचनाच्या, म्हणजे पूरक वाचनाच्या पाठांवरील, तीन गुणांच्या उत्तराला तिने वळणदार अक्षरात पाऊण पान दिले होते आणि आठ गुणांचे आत्मकथन तिसऱ्या ओळीत, वाक्याच्या मध्यावर थांबले होते. त्या तीन ओळी वर्गातील कोणाच्याही आत्मकथनाच्या सुरुवातीपेक्षा सरस होत्या. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, मला येत होतं, पण राहिलं."

असे राहिले की घरी आणि शाळेत एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे भरभर लिहिण्याचा. अनेक वर्षे ही कृतिपत्रिका शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, बहुतेक मुलांचा वेळ हात चालवण्यात कमी आणि ठरवण्यात अधिक जातो. कोणता पर्याय घ्यावा, सुरुवात कशी करावी, आता पुढे काय लिहावे, अशा प्रश्नांवर अडून राहिलेली मिनिटे कोणाच्या लक्षात येत नाहीत. म्हणून वेळेत लेखन शिकवायचे असेल तर ठरवण्याचा सराव वेगळा आणि हाताचा सराव वेगळा घ्यावा लागतो.

प्रथम हिशेब

विद्यार्थ्याला वेळेचा हिशेब पाठ असला पाहिजे आणि तो सोपा असला तरच पाठ राहतो. पेपर तीन तासांचा असतो. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटे आधी मिळत असे. फेब्रुवारी-मार्च २०२३ च्या परीक्षेपासून राज्य शिक्षण मंडळाने ती पद्धत बंद करून शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली. सकाळच्या सत्रात याचा अर्थ अकरा ते दोन वाजून दहा मिनिटे असा होतो. या १९० मिनिटांतील पहिली दहा मिनिटे वाचनाला आणि पर्याय निवडायला द्यावीत. त्यानंतर प्रत्येक गुणाला दोन मिनिटे असे प्रमाण धरावे. गद्याचे १८, पद्याचे १६, स्थूलवाचनाचे ६ आणि भाषाभ्यासाचे १६ मिळून ५६ गुण होतात, म्हणजे ११२ मिनिटे. ती संपतात तेव्हा एक वाजून दोन मिनिटे झालेली असतात. लेखनाच्या २४ गुणांना याच प्रमाणाने ४८ मिनिटे येतात. त्यांत मी दहा मिनिटांची भर घालते, कारण येथे मजकूर स्वतःच उभा करायचा असतो. दोन वाजता लेखन संपते आणि तपासायला दहा मिनिटे उरतात.

मुलांना यातील एकच खूण सांगून ठेवावी: एकचा ठोका पडला की पाचवा विभाग उघडायचा. भाषाभ्यासातील एखादी कृती तोवर अपुरी असली तर तिच्यासाठी जागा सोडावी आणि पुढे जावे. एका गुणाच्या समासापायी आठ गुणांचे लेखन अडकून पडू देऊ नये.

वेळ कोठे जातो ते शोधणे

उपाय ठरवण्याआधी प्रत्येक मुलाचे निदान करावे आणि त्याला दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत पाठ्यपुस्तकातील एक उतारा पाच मिनिटे जसाच्या तसा लिहून घ्यायला सांगावा आणि शब्द मोजावेत. दुसऱ्या तासिकेत एक सोपा विषय देऊन पाच मिनिटे मनाने लिहायला सांगावे आणि पुन्हा शब्द मोजावेत. दोन्ही आकडे कमी असले तर अडचण हाताची आहे. पहिला आकडा चांगला असून दुसरा त्याच्या निम्म्यावर येत असेल, तर त्या मुलाला शुद्धलेखनाच्या वह्या भरायला लावून काहीही साध्य होणार नाही. त्याला आखणी शिकवावी लागेल. माझ्या वर्गांत दुसऱ्या प्रकारची मुले नेहमीच जास्त आढळली आहेत.

यापुढच्या प्रत्येक सरावात समासाबाहेर पेन्सिलीने घड्याळातील वेळ लिहिण्याची सवय लावावी: कृती वाचायला घेतली तेव्हाची, पहिले वाक्य लिहिले तेव्हाची आणि कृती संपली तेव्हाची. पहिल्या दोन नोंदींमधले अंतर पाहून मुले स्वतःच चकित होतात.

आधी घड्याळाविना

जूनपासून घड्याळ समोर ठेवून लिहून घेणे मला चुकीचे वाटते. ज्याला बातमीची रचनाच ठाऊक नाही, त्याच्या हातून घाईत चुकीची रचनाच पक्की होते. सहामाही परीक्षेपर्यंत प्रत्येक प्रकार सावकाश, चर्चा करून आणि दोनदा लिहून शिकवावा. पत्रात दिनांक, प्रति, विषय, मायना, मजकूर आणि शेवटी नाव, पत्ता व ई-मेल हा क्रम इतका अंगवळणी पडावा की त्यासाठी विचार करावा लागू नये, कारण परीक्षेत वाचणारी मिनिटे अशा ठरलेल्या जागांवरच वाचतात. घड्याळ दिवाळीच्या सुट्टीनंतर आणावे.

तीन मिनिटांची आखणी

हा या तयारीचा गाभा आहे आणि यावर मी आठवड्यातून एक पूर्ण तासिका खर्च करते. त्या तासिकेत कोणी उत्तर लिहीत नाही. फळ्यावर एक विषय लिहायचा, तीन मिनिटे द्यायची आणि तेवढ्या वेळात मुलांनी वहीत चार-पाच शब्दांचे मुद्दे आणि केवळ पहिले वाक्य लिहायचे. मग दुसरा विषय द्यायचा. एका तासिकेत पाच-सहा विषय होतात आणि त्यांवर बोलायलाही वेळ उरतो.

उदाहरणार्थ, 'बसस्थानकावरील एक तास' हा प्रसंगलेखनाचा विषय घेऊ. बरीच मुले "मानवी जीवनात प्रवासाला अनन्यसाधारण महत्त्व आहे" अशी सुरुवात करतात आणि चार ओळी झाल्या तरी बसस्थानकावर पोहोचत नाहीत. हे वाक्य चुकीचे नाही, परंतु ते कोणत्याही विषयाला चालते, म्हणून पुढचे वाक्य सुचवत नाही आणि मूल तेथेच अडते. त्याऐवजी वहीत एवढेच लिहायला सांगावे: 'गाडी उशिरा – पाऊस – आजी आणि आंब्याची पेटी – घोषणा – जागा दिली'. मग पहिले वाक्य: "साडेपाचची साताऱ्याची गाडी साडेसहा वाजले तरी फलाटाला लागली नव्हती." या वाक्यात स्थळ, वेळ आणि अडचण आलेली असल्यामुळे फलाटावर कोण काय करत होते हे लिहिणे ओघाने येते. शेवटही मुद्द्यांत आधीच ठरलेला असल्याने, वेळ संपत आली तरी मधला एखादा मुद्दा गाळून मूल शेवटापर्यंत पोहोचू शकते. लेखन अर्धवट राहण्यापेक्षा आटोपशीर होणे केव्हाही बरे.

पर्यायाची निवडही याच तासिकेत शिकवावी. आठ गुणांसाठी प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एकच प्रकार लिहायचा असतो. तिन्ही विषय वाचून, ज्या विषयावर मनात एका मिनिटात तीन मुद्दे येतील तो घ्यावा आणि घेतल्यावर बदलू नये. अर्धे पान लिहून खोडलेला विषय आठ-दहा मिनिटे खाऊन जातो. वैचारिक लेखन भारदस्त दिसते म्हणून ते निवडणाऱ्या मुलांना मी स्पष्टपणे परावृत्त करते. तेथे प्रत्येक परिच्छेदात नवा मुद्दा लागतो आणि तो नसला की एकच वाक्य फिरून फिरून येते.

एकेक कृती, ठरलेल्या मिनिटांत

५८ मिनिटांची वाटणी मी अशी करते: पत्र किंवा सारांश या सहा गुणांच्या कृतीला १४ मिनिटे, जाहिरात, बातमी व कथा यांपैकी निवडलेल्या पाच-पाच गुणांच्या दोन कृतींना प्रत्येकी ११ आणि आठ गुणांच्या लेखनाला २२.

कृतिपत्रिकेवरच्या सूचनांमध्ये स्वच्छ छापलेले असते की उपयोजित लेखनासाठी आकृत्यांची आवश्यकता नाही आणि या कृती उतरवून घेऊ नयेत. तरीही दरवर्षी काही मुले जाहिरातीभोवती दुहेरी चौकट आखतात, तिच्या कोपऱ्यांत फुले काढतात आणि कथेचे सर्व मुद्दे प्रश्नपत्रिकेतून पुन्हा लिहून काढतात. या कामाला एकही गुण नसतो आणि त्यात पाच-सात मिनिटे सहज जातात. कृती क्रमांक अचूक घालावा आणि थेट उत्तराला लागावे.

बातमीसाठी शीर्षकानंतर स्थळ व दिनांक आणि पहिल्याच वाक्यात कोणी, काय, कोठे, केव्हा हे सांगून टाकावे: "सांगली, दि. ५ सप्टेंबर : येथील शाळेत आज विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या भूमिकेत दिवसभराचे कामकाज पाहिले." असे वाक्य जमले की निम्मी बातमी झाली. कथेत मुले सुरुवात लांबवतात आणि शेवट दोन ओळींत गुंडाळतात, म्हणून कथेचा शेवट आधी ठरवायला सांगावा. सारांशलेखन पत्रापेक्षा लवकर होते असा समज आहे. पण उतारा दोनदा वाचावा लागतो, हे लक्षात घेऊनच तो पर्याय घ्यावा.

हाताविषयी

कोरोनाकाळातील ऑनलाइन वर्गांनंतर, २०२२ च्या परीक्षेत, मुलांचा लिखाणाचा सराव तुटल्यामुळे मंडळाने ८० गुणांच्या पेपरला अर्धा तास जादा दिला होता. हाताचा सराव किती मोलाचा आहे हे यावरून दिसते. रोज वीस मिनिटे सलग, न थांबता लिहिणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. शिरोरेषेकडेही पाहावे: काही मुले प्रत्येक अक्षरावर तुटक रेघ देतात आणि काही पूर्ण ओळ लिहून झाल्यावर तिच्यावर पुन्हा पहिल्यापासून रेघ ओढत जातात. शब्द पूर्ण झाला की एका ओढीत त्याची शिरोरेषा द्यावी; अक्षर नीट राहते आणि हात मागे फिरत नाही. पेन बोटांनी किती घट्ट आवळले आहे हेही शेजारी उभे राहून पाहावे, कारण दुसऱ्या तासाच्या अखेरीस ज्यांचा अंगठा दुखू लागतो ती बहुधा हीच मुले असतात. परीक्षेचे पेन महिनाभर आधीच ठरवावे.

पूर्ण विभाग, मग पूर्ण पेपर

डिसेंबरमध्ये दर शनिवारी ५८ मिनिटांचा पूर्ण लेखन विभाग घ्यावा आणि जानेवारीतच पूर्ण पेपरकडे वळावे. दोन किंवा तीन पूर्ण पेपर पुरेसे होतात, पण ते अकरा वाजताच सुरू करावेत आणि पुरवणी मागण्यापासून सर्व काही परीक्षेसारखे ठेवावे. पेपरांमागून पेपर घेऊन गठ्ठे न तपासता परत देण्याची रीत मी काही ठिकाणी पाहिली आहे. त्याने मुले थकतात आणि जुन्याच चुका पक्क्या होतात. तपासताना मी एका वेळी एकच गोष्ट पाहते: एका शनिवारी केवळ सुरुवाती, पुढच्या शनिवारी केवळ शेवट, नंतर समासातील वेळेच्या नोंदी. दुसऱ्या दिवशी तीच कृती तेवढ्याच मिनिटांत पुन्हा लिहून घेते. नव्या विषयापेक्षा या पुनर्लेखनातून मुले अधिक शिकतात, असा माझा अनुभव आहे.

ज्या दिव्यांग विद्यार्थ्यांना दर तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळतो, त्यांचा हिशेब वेगळा मांडून द्यावा. वर्गाचा एकचा ठोका त्यांच्यासाठी नाही. लेखनिक असेल तर विरामचिन्हांसह सांगण्याचा आणि सांगितलेले वाक्य मनात धरून पुढचे जुळवण्याचा सराव त्यांना हवा असतो, आणि शाळेत नेमका तोच राहून जातो.

पेपरआधीच्या आठवड्यात पूर्ण लेखन थांबवावे. रोज तीन विषय, प्रत्येकाला तीन मिनिटे, चार मुद्दे आणि एक पहिले वाक्य, एवढेच करून वही मिटावी. परीक्षेच्या दिवशी साधे काट्यांचे घड्याळ मनगटावर असावे आणि शेवटची दहा मिनिटे नवे काही लिहिण्यात न घालवता कृती क्रमांक, पत्रातील दिनांक व विषय, सोडलेल्या जागा आणि राहिलेल्या शिरोरेषा, याच क्रमाने पाने उलटावीत.