डिझेल इंजिन बोटीतून काढण्याआधी

शिडाच्या बोटीतलं डिझेल इंजिन काढून विजेची मोटर बसवायची असेल, तर जुनं इंजिन चालतंय तोवरच एक हंगामभर वही ठेवा. इंजिन कधी सुरू केलं, किती वेळ चाललं, वेग किती होता, वारा समोरून होता का, एवढंच लिहायचं. पुढचे सगळे निर्णय या वहीतून निघतात. बंदरातून बाहेर पडण्यापुरतं इंजिन वापरणाऱ्याला विजेची मोटर सुखाची ठरेल. वारा पडला की सहा-सहा तास इंजिनावर जाणाऱ्याने मात्र डिझेलच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण हिशेब असा आहे. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते आणि त्यातली साधारण ३ युनिट शाफ्टपर्यंत, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत पोचते. ३.२ व्होल्टचे, २८० अँपिअर-तासांचे १६ लिथियम आयर्न फॉस्फेट सेल सिरीजमध्ये जोडले, तर ५१.२ व्होल्टची, १४ युनिटांच्या आसपासची बॅटरी तयार होते. म्हणजे जेमतेम ५ लिटर डिझेल! दिलासा एवढाच, की वेग अर्धा केला तर लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्श्यावर येते. सावकाश जायची तयारी मनाने आधी करावी लागते, ती यासाठी.

मग मोजमाप. इंजिन उचलण्याआधी शाफ्टची उंची, उतार आणि बैठकीच्या बोल्टांमधली अंतरं टिपून फोटो काढून ठेवा. नंतर ही मापं मिळवताना फार हाल होतात. प्रोपेलर बोटीला पुढे रेटतो तो जोर आजवर बहुधा गिअरबॉक्स झेलत होता. गिअरबॉक्स निघाल्यावर हे काम थ्रस्ट बेअरिंगकडे (असा जोर झेलणाऱ्या बेअरिंगकडे) जातं, तेव्हा मोटरच्या संचात ते आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. शाफ्टची शेवटची जुळणी बोट पाण्यात उतरवल्यावरच करा, कारण जमिनीवर टेकूंवर असताना हलचा, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा, आकार किंचित बदललेला असतो.

वरच्यासारख्या बॅटरीला ‘४८ व्होल्टची’ म्हणतात; तिच्यावर १० किलोवॉट म्हणजे २०० अँपिअरच्या आसपास प्रवाह. त्यामुळे केबल जाड आणि आखूड हवी, बॅटरीलगत क्लास-टी (मोठा प्रवाह झटकन तोडणारा) फ्यूज हवा, हाताशी मुख्य स्विच हवा. इथे काटकसर करू नका, आगीची भीती खरी आहे. बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने) अचानक वीज तोडली तर सुकाणूवरच्या माणसाला आधी इशारा मिळेल, अशी सोय हवी. गोठणबिंदूखाली हे सेल चार्ज करायचे नाहीत.

इंजिनाबरोबर त्याचा अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) गेला की १२ व्होल्टचे दिवे, रेडिओ आणि पंप कशावर चालणार? मोठ्या बॅटरीचा दाब १२ व्होल्टवर आणणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर यादीत घाला. इंजिन थंड करायच्या पाण्याचा सीकॉक (हलमधली झडप) आणि एक्झॉस्टचं भोक पक्कं बंद करा, टाकीतलं डिझेल आणि जुनं तेल रीतसर जमा करा. बॅटऱ्या खाली, मध्याजवळ आणि घट्ट बांधलेल्या असाव्यात. विमा कंपनीला बदल आधीच कळवा.

शांत पाण्यात दोन्ही दिशांना चालवून वेगाच्या प्रत्येक नॉटला (तासाला एक सागरी मैल) किती वॉट लागतात ते लिहा आणि तो कागद सुकाणूजवळ चिकटवा.