कडवळ म्हशीला घाला, घोडीला नको: गवत घेताना या चुका टाळा

दत्तजयंतीला नंदुरबारकडे सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो आणि त्यानंतर पुण्याच्या आसपास नवे घोडेमालक दिसू लागतात. घोडी पारखायला चार जाणते नेलेले असतात, खोगीर-लगामही हौसेने घेतलेला असतो. चाऱ्याचं काय, असं विचारलं की उत्तर एकच: "शेजारचा गोठेवाला देतो ना!"

इथेच घोळ होतो. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर लहान असतं, चारा आंबतो तो पुढे मोठ्या आतड्यात, आणि त्याला उलटी होत नाही. गाय जे पचवते ते घोडा पचवेलच असं नाही.

मुळशीकडच्या एका फार्महाऊसवर मला बोलावलं होतं. घोडी काठेवाडी, देखणी. मालक म्हणाले, "ही मागून लटपटते, नाल बदलून बघू का?" मी शेपटीखाली पाहिलं. मांड्या आतून ओल्या, केस गळून कातडी लाल झालेली, थेंब थेंब लघवी चाललेली. वळवली की मागचे पाय एकमेकांत अडकायचे. गव्हाणीत हिरवंगार कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, तेही कापणीनंतर फुटलेलं कोवळं. कित्येक आठवडे दुसरं काही घातलंच नव्हतं. कोवळ्या ज्वारीने गुरांना किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे कुठलाही शेतकरी सांगेल. घोड्यात तेच विष हळूहळू मज्जारज्जू आणि मूत्राशय धरतं. कडवळ त्याच दिवशी बंद केलं, डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग आटोक्यात आणला, पण चाल काही सुधारली नाही. त्या घोडीवर पुन्हा कोणी बसलं नाही. मालकांचं म्हणणं, "हिरवं आहे म्हणजे ताकदीचं असेल असं वाटलं."

वाळलेल्या कडब्यात विष बरंच कमी होतं आणि गावाकडे घोडे कडब्यावर राहतात, हे मला कोणी सांगायला नको. मी तरी घालत नाही.

दुसरी चूक म्हणजे गवताची गाठ, म्हणजे दाबून बांधलेला गठ्ठा, न उघडता घेणे. फोनवर भाव ठरवून टेम्पो मागवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बाहेरून गाठ उन्हाने पिवळी पडलेली असली तर बिघडत नाही. दोरी कापायची आणि कोपरापर्यंत हात आत घालायचा. आत ऊब लागली तर गवत ओलं असताना बांधलंय. ते परत पाठवा. मूठभर काढून उन्हात झटका. पांढरी धूळ उडाली आणि कुबट वास आला तर ती बुरशी. वरचं काढून आतलं घालू, हा शहाणपणा करू नका. बुरशीची धूळ फुप्फुसात बसली की घोडा खोकायला लागतो आणि दमा जडला तर तो जन्माचा. नुसती माती असेल तर अर्धा तास पाण्यात भिजवून घाला. पुण्याच्या पावसात जमिनीवर रचलेली गंजी खालून सडते, म्हणून खाली लाकडी फळ्या हव्यातच.

मग घालायचं काय? फुलोऱ्यात कापलेलं ओटचं वाळलं गवत मिळालं तर उत्तम. नाहीतर मारवेल किंवा पवन्या, मात्र दाणे गळायच्या आत कापलेलं. उशिरा कापलेल्या डोंगरी गवतात कुसळं असतात. ती हिरड्यांत रुततात, घोडा लाळ गाळतो आणि लोक दात घासायला माणूस शोधत फिरतात.

लसूणघास प्रथिनं आणि कॅल्शियमने भरलेला. दूध पाजणाऱ्या घोडीला, वाढत्या शिंगराला जरूर द्या. दिवसभर उभ्या असलेल्या घोड्याला गवतात मिसळून थोडाच.

हत्ती गवत आणि उसाचे वाढे: त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, रोजचा चारा म्हणून नको.

बारीक कडबाकुट्टी आणि गव्हाचा भुसा न चावता गिळला जातो. पोटशूळाला आमंत्रण.

भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक आहे.

चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो वाळलं गवत लागतं. पेंढ्या मोजून अंदाज बांधू नका, ताणकाट्याला लावा. चार-पाच वेळा विभागून द्या, रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा.

नवं गवत आलं की जुनं संपायच्या आत मिसळायला सुरुवात करा आणि आठ-दहा दिवस घ्या. "संपलं, म्हणून कालपासून दुसरं सुरू केलं," असं सांगत रात्री बाराला पोटशूळाचा फोन करणाऱ्यांना मी आधी लीद पडली का विचारतो, मग डॉक्टरांचा नंबर देतो.